कीप लिहू का, मामाजी?

आमच्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४६ च्या पुढे सरकला की दुपारी घराबाहेर पडायला दोनच कारणं चालतात: कोणाचं तरी लग्न किंवा कोणाची तरी मयत. बाकीच्यांनी कूलरसमोर आपापली जागा धरायची. नालवाडीतल्या घरी अशीच एका दुपारी मी जागा धरली होती, तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला.

"मामाजी, तुमची जुनी मेलची पेटी बंद होऊन राहिली. नऊ दिवस उरले."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्याहीनं पत्र पाठवलं ना तुम्हाले."

"कुठं?"

"त्याच पेटीत."

घर पाडणार असल्याची नोटीस त्याच घरात टेबलावर ठेवावी आणि बाहेरून कुलूप लावावं, तशातला प्रकार. ही पेटी मी २००१ साली उघडली. तेव्हा मी शाळेत गणित शिकवत होतो, आणि ईमेलचा पत्ता असणं ही दारात नवी स्कूटर असण्याइतकी मानाची गोष्ट होती. पुढे मोबाइल आला, त्याच्यासोबत नवी पेटी आली, आणि जुनी तशीच पडून राहिली. तिचा पासवर्ड भाच्याकडे होता. बायका दागिने माहेरी ठेवतात तसे मी माझे पासवर्ड भाच्याकडे ठेवतो.

स्वयंपाकघरातून ही ऐकत होती. म्हणाली, "बंद होऊन राहिली तं होऊ द्या. आपल्या कॉम्प्युटरमधी आहे ना सगळं?"

इथे माझी पंचाईत झाली. इतकी वर्षं मी घरात 'मेल आली, मेल आली' म्हणत होतो. पण मेल आपणहून घरी कधी येतच नाही. ती दूर कुठल्या तरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर येऊन पडते आणि आपण इथून खिडकीतून डोकावल्यासारखं तिला वाचतो. हे मी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं.

"म्हणजे आपली पत्रं इतकी वर्षं दुसऱ्याच्या घरी?"

"हो."

"अन् भाडं?"

"काही नाही."

"मंग त्याहीचं काय चुकलं?" असं म्हणून ती कांद्याच्या वड्यांकडे वळली.

भाच्याकडे मात्र उपाय तयार होता. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने दिवाळीतच लिनक्स घालून ठेवलं होतं. "फेचमेल टाकू," तो म्हणाला. "ते तिकडे जाईल, पत्रं उचलेल, इकडे आणून देईल. तुम्ही उठायचंही काम नाही." मे महिन्यात वर्ध्याच्या माणसाला यापेक्षा गोड वाक्य ऐकवता येत नाही.

या फेचमेलची जन्मकथाही अशाच न उठण्याच्या इच्छेतून निघाली आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एरिक रेमंड नावाचे एक प्रोग्रामर राहत. त्यांची पत्रं यायची गावातल्या इंटरनेट केंद्राच्या कॉम्प्युटरवर, आणि ते बसलेले घरच्या कॉम्प्युटरवर. काही आलंय का हे पाहायला दर वेळी तिकडे डोकवावं लागे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. १९९६ साली त्यांनी कार्ल हॅरिस यांचा 'पॉपक्लायंट' नावाचा तयार प्रोग्राम चालवायला घेतला, त्याची डागडुजी केली, पुढे त्याचं नाव बदलून फेचमेल ठेवलं, आणि या सगळ्या उठाठेवीवर 'द कॅथीड्रल अँड द बझार' नावाचा निबंध लिहिला. १९९७ च्या मेमध्ये जर्मनीतल्या वुर्झबुर्ग इथे लिनक्सवाल्यांच्या संमेलनात तो वाचला गेला. पुढच्या वर्षी नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड जगाला खुला करायचं ठरवलं, त्यालाही या निबंधाचा टेकू होता. घरबसल्या पत्रं मिळावीत म्हणून केलेल्या खटपटीचं इतकं मोठं रामायण झालं. आमच्याकडचा माणूस सायकलवर टांग मारून पोस्टात जाऊन आला असता आणि येताना गोरसपाक घेऊन आला असता. विषय संपला.

तसं पाहिलं तर वर्ध्याच्या माणसाला या शोधाचं नवल वाटायलाच नको. आमच्याकडे हे काम १९३६ सालापासून चालू होतं.

त्या वर्षी एप्रिलच्या ३० तारखेला गांधीजी वर्ध्याची मगनवाडी सोडून सेगावला गेले. सेगाव म्हणजे आडगाव. पोस्ट नाही, तार नाही, धड रस्ता नाही. जगभरातून गांधीजींना लिहिलेली पत्रं येऊन पडायची वर्ध्यात. म्हणजे आजच्या भाषेत सर्व्हर वर्ध्यात, वाचणारा सेगावात, आणि मधे साडेपाच मैल ऊन. हे ऊन तुडवायचे गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई. त्यांचा मुक्काम मगनवाडीत. सकाळी टपाल घेऊन सेगावला पायी जायचं, संध्याकाळी उत्तरं घेऊन पायी परत यायचं. जाऊन-येऊन अकरा मैल. एखाद्या दिवशी दोन फेऱ्या.

फेचमेलला दर पाच मिनिटांनी फेरी मारायला सांगता येतं. पेटी रिकामी असली तर 'नो मेल' म्हणून ते परत येतं, आणि पाच मिनिटांनी पुन्हा निघतं. त्याला घाम नाही, पायात वहाण नाही. पण एक आहे. फेचमेल पत्र वाचत नाही. महादेवभाई वाचायचे, निवडायचे, उत्तराचा मसुदा करायचे, 'हरिजन'चा मजकूर लिहायचे आणि त्यातूनही डायरी लिहायला वेळ काढायचे. १९३८ साली त्यांची प्रकृती ढासळली, याचं आश्चर्य वर्ध्यात उन्हाळा काढलेल्या कोणालाच वाटणार नाही. सॉफ्टवेअरने त्यांच्या कामातलं फक्त चालणं उचललं. उरलेलं सगळं माझ्यासारख्याच्या डोक्यावर ठेवलं, ज्याला व्हॉट्सॲपवरच्या गुड मॉर्निंगला उत्तर देणंही जिवावर येतं.

पत्र चुकीच्या पेटीत पडण्याचा प्रकारही आम्ही आधीच करून ठेवला आहे. सेगाव आणि बुलढाण्याचं शेगाव, दोन्ही एकाच रेल्वेमार्गावरची. इंग्रजीत लिहिताना फरक फक्त एका 'एच'चा. परिणामी बापूंची पत्रं वारंवार गजानन महाराजांच्या गावी जाऊन पोचायची. दोन्हीकडे संतच असल्यामुळे पोस्टाला दोष देण्यात अर्थ नव्हता. शेवटी १९४० साली सेगावचं नाव बदलून सेवाग्राम करण्यात आलं. आपला ईमेलचा पत्ता कोणी चुकीचा लिहिला तर आपण त्या माणसाला शिव्या देतो. गांधीजींनी गावच बदललं, म्हणजे निदान गावाचं नाव.

सारख्या नावांच्या या घोळावर देशभराचा उतारा काढायला पुढे ३२ वर्षं गेली. पोस्टखात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी बसवलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. आता वर्धा ४४२००१, सेवाग्राम ४४२१०२ आणि शेगाव ४४४२०३. आज कोणी बापूंना पत्र टाकलंच तर ते बरोबर सेवाग्रामला जाईल. फक्त घ्यायला कोणी नाही.

भाच्याने फोनवर बोलता बोलता पुण्याहूनच माझ्या कॉम्प्युटरवर फेचमेल चढवायला सुरुवात केली आणि मला २००३ साल आठवायला लागलं. सर्वसामान्य भारतीयाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. ते स्वातंत्र्य माझ्या घरी पोचायला आणखी सहा वर्षं लागली. आलं तेही टेलिफोनच्या तारेतून, चिरचिर आवाज करत. फोन चालू तर इंटरनेट बंद, इंटरनेट चालू तर फोन बंद.

त्या काळात पत्रं आणायची जी बोली होती तीच आजही चालते. तिचं नाव पॉप थ्री. तिचं आजचं व्याकरण १९९६ च्या मेमध्ये पक्कं झालं. शब्द मोजून डझनभर. सर्व्हरला उत्तरं तर दोनच येतात: 'प्लस ओके' आणि 'मायनस ई-आर-आर'. होय आणि नाही. संभाषण साधारण असं चालतं. मी अमुक. ओके. ही माझी खूण. ओके. पत्रं किती? सात. पहिलं द्या. घ्या. पहिलं खोडा. ओके. कचेरीतल्या खिडकीवर इतक्या कमी शब्दांत माझं एकही काम आजवर झालेलं नाही.

या बोलीत एक खुबी आहे. सर्व्हर 'खोडलं' म्हणतो, पण खोडत नाही. नुसती खूण करून ठेवतो. तुम्ही 'क्विट' म्हणून रीतसर निरोप घेतलात तरच तो खरोखर खोडतो. पाहुणा उंबऱ्याबाहेर पडल्याशिवाय त्याची कपबशी विसळायची नाही, असा हा शिष्टाचार. मधेच लाइन तुटली तर सगळी पत्रं जिथल्या तिथे, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आणि आमच्याकडे लाइन तुटायचीच. त्या वर्षी अमरावतीला माझ्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला. जावईबापूंनी हौसेने बारशाचा फोटो स्कॅन करून ईमेलने पाठवला. फोटो दोन एमबीचा. ईमेलमधून जाताना फोटोची अक्षरं करावी लागतात, त्यात तो तिसऱ्या हिश्शाने फुगतो, म्हणजे झाला पावणेतीन एमबीचा. आमची तार सेकंदाला जेमतेम चार केबी ओढायची. हिशेब मांडा: साडेअकरा मिनिटं. मी गणिताचा मास्तर, घड्याळ समोर ठेवून बसायचो. आठ मिनिटं. नऊ मिनिटं. आणि दहाव्या मिनिटाला स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनचा रिसीव्हर आई उचलायची.

"कोणी बोलूनच नाही राहिलं बाप्पा. नुसतं चिरचिर करून राहिलं."

"आई, ठेव!"

"बिघडला वाटते," असं म्हणून आई रिसीव्हर ठेवायची, आणि खरंच बिघडला का ते पाहायला लगेच पुन्हा उचलायची.

मी पुन्हा नंबर फिरवायचो. आता सर्व्हर म्हणायचा, मायनस ई-आर-आर, पेटी सध्या कोणीतरी वापरत आहे. कोण वापरतंय माझी पेटी? शोध घेतल्यावर कळलं, मीच. मघाशी निरोप न घेता गेलेला जो मी, तो अजून आतच बसलेला आहे असं सर्व्हरला वाटायचं. असा गप्प झालेला पाहुणा निदान दहा मिनिटं तरी उठवायचा नाही, हा या बोलीचा नियमच आहे. मला माझ्याच घरात यायला माझ्याच जाण्याची वाट पाहावी लागायची. इतकं वेदान्ताचं ज्ञान मला नंतर कोणत्याही प्रवचनात मिळालं नाही.

आठ दिवस मी झगडलो. नवव्या दिवशी मेल आणणाऱ्या प्रोग्रामला सांगून टाकलं की एक एमबीपेक्षा मोठं पत्र तिकडेच राहू दे. आणि बहिणीला फोन करून म्हणालो, "फोटो पाहिला. फार गोड आहे. नाक आपल्याच घरचं आहे." बहीण खूश झाली. नाकाची ही बातमी तिने सासरी सगळ्यांना सांगितली. तेच ते नाक आता पुण्यात इंजिनीअर झालं होतं आणि मला फोनवर फाइल लिहायला सांगत होतं.

फेचमेलची फाइल हे लग्नाच्या बैठकीसारखं प्रकरण असतं. तिकडचा अमुक नावाचा मनुष्य, तमुक पासवर्ड असलेला, तोच इकडचा आपला मनुष्य, अशी दोन्ही पक्षांची ओळख एका वाक्यात करून द्यायची. "मधे अँड, विथ, हॅज, वॉन्ट्स असं काहीही घाला," भाचा म्हणाला. "वाचायला बरं वाटते. फेचमेल त्याच्याकडे लक्षच नाही देत." बैठकीत बोलू द्यायचं, मान डोलवायची आणि हिशेबात मात्र धरायचं नाही, अशी दोन-तीन वडीलधारी माणसं प्रत्येक घरात असतात. निवृत्त झाल्यापासून मी त्यांच्यातच मोडतो.

फाइल झाली तरी फेचमेल चालेना. म्हणालं, ही फाइल दुसरं कोणीही वाचू शकतं, मी हात लावणार नाही. आत पासवर्ड असतो म्हणून ते एवढं सोवळं पाळतं. भाच्याने कुलूप घालायची आज्ञा सांगितली, ती मी लिहिली, मग कुठे ते सरळ झालं. आमच्या घरातले बाकीचे सगळे पासवर्ड हिने कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवले आहेत. फेचमेलने ते पाहिलं असतं तर झीट येऊन पडलं असतं.

आता शेवटचा सवाल. "मामाजी," भाचा म्हणाला, "कीप लिहू का?"

"म्हणजे?"

"कीप लिहिलं तं पत्र इकडे येते अन् तिकडेही राहते. नाही लिहिलं तं इकडे आणलं की तिकडचं खोडून टाकते. ते इमानदार आहे. इकडे पोस्टमास्तर बसलेला असते, त्याच्या हाती पत्र दिल्याशिवाय अन् त्यानं 'मिळालं' म्हटल्याशिवाय खोडत नाही. पण मंग ठेवत काही नाही."

"म्हणजे काही न सांगता सोडलं तर ते आपणहून खोडतं?"

"हो जी."

मी खुर्चीत सावरून बसलो. हे तर आमच्या गावचं निघालं!

१९३२ च्या अखेरीस विनोबा नालवाडीला येऊन राहिले, ते १९३८ साली पवनारला जाईपर्यंत. सूत कातायचं आणि कातणाऱ्याला जी मजुरी मिळते तीत भागवायचं, हा प्रयोग त्यांनी याच गावात केला. ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. तरुणपणी शाळेची प्रशस्तिपत्रकं त्यांनी चुलीत घातली. काशीला कविता केल्या त्या गंगेला अर्पण केल्या. आणि त्यांची एक गोष्ट सांगतात: गांधीजींचं पत्र आलं, त्यात विनोबांची थोर स्तुती होती. विनोबांनी ते वाचलं आणि फाडून टाकलं. बघणारा चकित. विनोबांचं म्हणणं असं की, खरं असेल तर ठेवून काय करायचं, आणि खोटं असेल तर ठेवायचंच कशाला? आणलं, वाचलं, खोडलं, क्विट.

तिकडे सेवाग्रामचा पंथ उलटा. तिथे आलेल्या लखोट्याची मागची बाजूसुद्धा वाया जायची नाही, तीवर पुढचं पत्र लिहिलं जायचं. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत १०० खंड झाले, आणि त्यात पानोपानी पत्रं आहेत. कोणीतरी सगळीकडे 'कीप' लिहून ठेवल्याशिवाय इतकं उरत नाही. थोडक्यात, हे फेचमेल जन्माने नालवाडीचं. त्याला सेवाग्रामला न्यायचं तर 'कीप' लिहावं लागतं.

मी नालवाडीचा रहिवासी. बाणेदारपणे म्हणालो, "नको लिहू. आणू आणि एकदम खोडू. काय करायची आहेत जुनी पत्रं? आणून तरी कायले वाचायची?"

ही पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "वाचून फाडाले विनोबा लागतात. न वाचता तं कोणीही फाडते."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. भाच्याला म्हटलं, लिही कीप.

फेचमेल निघालं. एक हजार चारशे बारा पत्रं. पडद्यावर एकेक ओळ सरकायला लागली. त्यात होतं काय? प्रिय ग्राहक. प्रिय ग्राहक. प्रिय ग्राहक. लॉटरी लागल्याची बातमी, एकूण रक्कम पाहता वर्धा जिल्हा विकत घेता यावा. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं निमंत्रण, २००६ चं. एका विद्यार्थ्याचं पत्र, 'सर, भूमितीचा प्रश्न सुटत नाही, उद्या परीक्षा आहे.' तारीख २००९. त्याचा प्रश्न बहुधा आपोआप सुटला असेल. आणि त्यांतच सातव्या क्रमांकाचं, २००३ चं पत्र. पावणेतीन एमबी. साडेअकरा मिनिटांचा तो प्रवास डोळ्याचं पातं लवायच्या आत झाला. मी खरं म्हणजे घड्याळ काढून बसलो होतो.

"मामाजी, हे काय आहे? बाबांनी पाठवलेलं दिसते. उघडा ना."

उघडलं. बारशाचा पाळणा, भोवती फुगे, आणि पाळण्यात चिरंजीव. पालथे. तोंड गादीत खुपसून गाढ झोपलेले. कमरेचा काळा करदोडा स्पष्ट दिसत होता. नाक दिसत नव्हतं. नाक दिसण्याची कोणतीही सोय त्या फोटोत नव्हती.

फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. अशी शांतता कोणत्याही सर्व्हरकडून मी ऐकलेली नाही.

"मामाजी," भाचा सावकाश म्हणाला, "आई तं अजूनही सांगते, फोटो पाहून मामानं ओळखलं, नाक आपल्या घरचं."

त्या क्षणी मी पुन्हा नालवाडीच्या पंथात यायचं ठरवलं. म्हटलं, "खोडून टाक रे ते. जुनं आहे."

"आता कसं खोडू? कीप आहे ना. तिकडेही आहे, इकडेही आहे." आणि थोडं थांबून, "अन् आता आईकडेही आहे. मी पाठवलं ना आत्ताच."

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. मी आणि ही, दोघंही कूलरसमोर बसून फोनकडे पाहत राहिलो. फोन वाजून वाजून थांबला, आणि पुन्हा वाजायला लागला. आई असती तर तिने उचलला असता.